पिकअपला चिप लावून नऊ महिने: आंबा घाट, सव्वा टन मासळी आणि शेवटी सापडलेला होज

डिझेल गाडीची ताकद वाढवायला चिप लावू का नको असं गेल्या काही महिन्यांत मला निदान दहा-बारा जणांनी विचारलं असेल, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. लांबलंय, पण पैसे घालायच्या आधी वाचा.

गाडी बोलेरो पिकअप, 2018 ची, बीएस-4 (धुराच्या जुन्या नियमातली), अडीच लिटरचं कॉमन रेल डिझेल. धंदा मासळीचा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला बोटी लागल्या की माल भरायचा, रात्री दहा-अकराला निघायचं, हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि मलकापूर, बांबवडे करून पहाटेच्या आत कोल्हापूर. क्रेट आणि बर्फ धरून साधारण सव्वा टन. म्हणजे आमचा लोड घाट चढतो, उतरत नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्या कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. घाटावरून भाजी घेऊन खाली जाणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांना इंजिनाच्या ताकदीपेक्षा ब्रेक महत्त्वाचा आणि त्यात चिप काही करत नाही.

2023 च्या उन्हाळ्यापासून गाडी घाटात मरायला लागली होती. पूर्वी तिसऱ्या गिअरात निघणारी वळणं दुसऱ्यावर आली. जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सर्व्हिसिंग केलं, ऑईल, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर सगळं बदललं तरी फरक पडला नाही. मिस्त्री म्हणाला, गाडीचं वय झालंय दादा, आता एवढंच ओढणार. आणि त्याच आठवड्यात एकाने चिपचं सांगितलं. 30 टक्के पॉवर वाढणार, 15 टक्के ॲव्हरेज वाढणार, अर्ध्या तासात फिटिंग, नाही आवडलं तर काढून ठेवा. साडेचौदा हजार. ऑगस्टमध्ये सीझन उघडायच्या तोंडावर मी बसवून घेतली.

चिप म्हणतात पण ती चिप नाही, तो काडेपेटीपेक्षा थोडा मोठा बॉक्स असतो. कॉमन रेलवर, म्हणजे दाबलेलं डिझेल साठवणाऱ्या नळीवर, प्रेशर सांगणारा एक सेन्सर असतो, त्याचा तीन पिनचा कनेक्टर काढायचा, मध्ये हा बॉक्स घालायचा, झालं. रेलमध्ये डिझेल हजार-दीड हजार बारच्या घरात दाबलेलं असतं, अंदाज यावा म्हणून सांगतो, कारच्या टायरात आपण भरतो ती हवा दोन-सव्वादोन बार. बॉक्स काय करतो, सेन्सरचा खरा आकडा घेतो आणि ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, त्याच्यापेक्षा कमी सांगतो. ईसीएमला वाटतं प्रेशर कमी पडतंय, तो पंपाला वाढवायला लावतो. इंजिनात डिझेल फवारणारी नोझल उघडी राहते तेवढाच वेळ पण दाब जास्त म्हणून तेवढ्या वेळात डिझेल जास्त पडतं. एवढीच करामत आहे. हवा तो वाढवत नाही, टायमिंगला हात लावत नाही. रिमॅपिंग म्हणजे ईसीएममधला प्रोग्रॅमच बदलणं, तो प्रकार वेगळा, त्यात टर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) प्रेशर, डिझेल, टायमिंग सगळं मिळून बदलता येतं, करणारा जाणकार असेल तर या बॉक्सपेक्षा ते कधीही बरं. आणि ओबीडीच्या, म्हणजे गाडी तपासायचं मशीन लावतात त्या सॉकेटमध्ये खोचायचे पाचशे-आठशे रुपयांचे जे ऑनलाईन मिळतात त्यांच्या नादी तर लागूच नका, माझ्या धाकट्या भावाने घेतला होता, उघडून बघितला तर आत फक्त लाईट चमकवायची सोय होती.

माझ्या बॉक्सला पाच लेव्हल होत्या. बसवणाऱ्याने तीनवर ठेवून दिली आणि रिकाम्या गाडीने चक्कर मारायला लावली. खरं सांगतो, त्या चकरेत मी खूश झालो. चौथ्यात 40 वर पाय दाबला की गाडी उचलून घ्यायची. पण रिकाम्या गाडीत कुठलीही चिप चांगलीच वाटते. ज्यांना कुणाला ट्रायल घ्यायची असेल त्यांनी लोड भरून घाटात घ्या, दुकानासमोर नको.

लोडमध्येही फरक पडला, नाही पडला असं म्हणणार नाही. मी पायथ्यापासून आंबा गावापर्यंत घड्याळ लावायचो, आधी 27 मिनिटं लागायची, लेव्हल तीनवर 23 झाली. चार मिनिटं ऐकायला काही नाही वाटत, पण त्यातला खरा फायदा मिनिटांचा नव्हताच, गिअर कमी टाकावे लागायचे, समोर एखादा ट्रक रांगत असला तर जरा मोकळं मिळालं की काढता यायचा. मिऱ्या-नागपूर हायवेचं काम चालू असल्यामुळे तेव्हा रस्ता जागोजागी उकरलेला, त्यात ही सोय मोठी वाटायची. नारळी पौर्णिमेनंतरचा महिनाभर मी भेटेल त्याला चिप घे म्हणून सांगत होतो, ज्यांना सांगितलं त्यांच्यासाठी पण हे लिहितोय.

ॲव्हरेजचं बघू. मी टाकी फुल टू फुल मोजतो, वहीत लिहून. लोडमध्ये चढताना आधी 11.4 मिळायचं, चिपवर 11.1. रिकामं परत येताना 13.8 चं 14.3 झालं. म्हणजे येण्याजाण्याचं धरलं तर जवळपास होतं तिथेच. पंधरा टक्के कुठून येणार, जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल जाळावं लागतं, दोन्ही एकाच वेळी वाढवून देतो म्हणणाऱ्याला उलट प्रश्न विचारा. रिकाम्यात थोडं वाढलं ते कमी आरपीएमवर वरचा गिअर चालायला लागला म्हणून. आणि हो, ज्यांच्या मीटरवर ॲव्हरेज दिसतं त्यांनी चिप लावल्यावर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, ईसीएमला जास्तीचं डिझेल गेलेलं माहीतच नसतं, तो जुन्याच हिशोबाने दाखवतो. तसंच मोबाईलवरच्या स्कॅनर ॲपचं, मी ब्लूटूथवाला घेऊन रेल प्रेशर बघायचो, चिप असताना आणि नसताना सारखंच दिसायचं, मला वाटायचं वा, इंजिनावर काही ताण नाही. ताण होता, दिसत नव्हता, कारण ॲप पण ईसीएमलाच विचारतं आणि ईसीएमलाच फसवलेलं.

आता ऑक्टोबरची रात्र. परतीचा पाऊस, घाटात धुकं, पाठीमागे बांगडा भरलेला, सोबत माझा मेव्हणा. घाट अर्ध्यावर आला आणि चेक लाईट पेटली, गाडीची ओढ गेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन पंधराशे आरपीएमच्या वर जाईना. दुसरा गिअर पण ओढेना, पहिल्यात कशीबशी वळणाच्या बाहेर काढून कडेला घेतली. मागून ट्रक येतायत, पार्किंग लाईट लावून मेव्हण्याला टॉर्च घेऊन मागे उभा केला. मला आधी वाटलं पंप गेला. मग आठवलं की बॉक्ससोबत एक छोटा प्लग दिलाय, बॉक्स काढून त्याच्या जागी लावला की सेन्सर परत सरळ ईसीएमला जोडला जातो. तो प्लग डॅशबोर्डच्या कप्प्यात होता हे माझं नशीब. पावसात बॉनेट उघडलं, कनेक्टर काढला तर आत पाणी. बॉक्स बसवणाऱ्याने तो बॅटरीशेजारी नुसता केबल टायने आवळलेला, तोंड वर करून, पाणी सरळ आत. पुसलं, प्लग लावला, दहा मिनिटं इग्निशन बंद ठेवून परत चावी मारली, गाडी चालू. कोल्हापूरला पावणेदोन तास उशिरा पोचलो, तोपर्यंत लिलाव अर्धा उरकलेला, बांगड्याला त्या दिवशी जो भाव मिळाला त्यात भाडं सुद्धा नीट सुटलं नाही. मासळीला उशीर चालत नाही, सिमेंट असतं तर गोष्ट वेगळी.

बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला पाण्याची गॅरंटी नाही. कोकणात गाडी चालते हे त्याला माहीत होतं. मी स्वतःच कनेक्टर खाली तोंड करून बसवला, त्याला रबरी बूट घातला, नंतर पाण्याचा त्रास नाही झाला.

मला खरं तर तेव्हाच काढायला हवी होती, पण घाटात ती चार मिनिटं सवयीची झालेली. उलट डिसेंबरात लेव्हल चारवर नेली. लोडवर काळा धूर यायला लागला, आरशात दिसायचा. जानेवारीत पीयूसी संपली, करायला गेलो तर फेल. बीएस-4 डिझेलला धुराची मर्यादा 1.62 आहे, मशीनवरचा तो के व्हॅल्यू म्हणतात तो, माझी आली 2.1. आदल्या वर्षीचं सर्टिफिकेट काढून बघितलं, 0.9 होतं. चिपवाल्याने सांगितलं टेस्टपुरती काढा, पास झालं की परत लावा. तसं बरेच जण करतात, मी पण त्या दिवशी तेच केलं आणि घरी येईपर्यंत मनाला लागून राहिलं, कारण आमच्याच पाली-नाणीजच्या रस्त्यावर शाळेची पोरं चालत जातात आणि मी त्यांच्या तोंडावर तो धूर सोडत होतो.

कायद्याचं पण थोडक्यात सांगतो, विचारतात म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीत 182-अ आलं, त्यात नियमात न बसणारा बदल मालकाने केला तर एका बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इन्शुरन्सवाल्यांना न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर विषयच संपला.

मार्चमध्ये क्लच गेला. घाटात तिसऱ्यात दाबलं की आरपीएम वर जायचा आणि गाडी तिथेच, जळका वास. प्लेट बदलून जेमतेम दीड वर्ष झालेलं, आधीची चार वर्षं चालली होती. ताकद वाढवली तर ती चाकापर्यंत क्लचमधूनच जाते ना, त्याला तर कुणी 30 टक्के वाढवलेलं नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मजुरी धरून 11,800.

पण तो क्लच गेला ते बरं झालं, कारण काम कोल्हापूरला केलं आणि तिथला मिस्त्री जुना डिझेलवाला होता. गाडी कामाला घेताना त्याने बॉनेट उघडलं, बॉक्स बघितला आणि काही बोलला नाही. संध्याकाळी मला बोलावलं आणि टर्बोकडून इंजिनात हवा नेणारा रबरी होज हातात दिला. खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या शेजारी, वितभर चीर. वरून दिसायचीच नाही, होज वाकवला की तोंड उघडायची. बाहेरून सगळं तेलकट काळं झालेलं. म्हणाला, "भावा, गाडीला हवाच मिळंना झालीय आणि तू डिझेल वाढवत बसलायस व्हय."

मग त्याने समजावून सांगितलं. टर्बो हवा दाबतो, लोडवर दाब वाढला की चीर उघडते आणि हवा बाहेर. हवा कमी येतेय हे ईसीएमला सेन्सरवरून कळत होतं, म्हणून तो डिझेल हात राखून देत होता, धूर होऊ नये म्हणून. गाडी मरत होती ती त्यासाठी, वयासाठी नाही. आणि मी जो बॉक्स लावला त्याने नेमका ईसीएमचा तोच राखलेला हात सोडवला. हवा कमी ती कमीच, डिझेल जास्त, म्हणून धूर, म्हणून इंजिन नेहमीपेक्षा गरम. टेम्परेचरचा काटा घाटात अर्ध्याच्या वर जायचा ते मी उन्हावर ढकलत होतो. तुझा टर्बो आणि नोझल शाबूत आहेत हे नशीब समज म्हणाला, अजून एक सीझन असाच काढला असतास तर क्लचवर भागलं नसतं.

होज 1,150 रुपये, दोन क्लॅम्प 120.

नवीन क्लच रुळेपर्यंत हजार किलोमीटर बॉक्स लावू नकोस असं त्याने बजावलं म्हणून प्लग लावून चालवली. पहिल्याच रात्री, सव्वा टन भरून, घाट 24 मिनिटांत. मी परत दोन वेळा मोजलं, 24 आणि 25. धूर नाही, काटा जागेवर. हजार किलोमीटर झाल्यावर एकदा बॉक्स लेव्हल एकवर लावूनही बघितला, 22 आली. दोन मिनिटांसाठी परत तो खेळ करायची इच्छा झाली नाही, मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांच्या फेऱ्या सुरू होत्या तेव्हा कायमचा काढला. ॲव्हरेज आता लोडमध्ये 12 च्या आसपास येतं, चिपने जे वाढलं नाही ते होजने वाढवलं.

माझं मत विचाराल तर लोडच्या गाडीला हा बॉक्स नको. कंपनीने इंजिनात, क्लचमध्ये, रेलच्या दाबात जी थोडी जागा राखून ठेवलेली असते ती रात्री दोन वाजता घाटात सव्वा टन घेऊन चढताना आपल्याच कामाला येते, ती आधीच खर्च करून टाकायची कशाला. बीएस-6 वाल्यांनी तर अजिबातच नको, त्यात धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, जास्तीचं डिझेल टाकलं की तो लवकर भरणार आणि त्याची किंमत ऐकलीत तर चिप स्वस्त का महाग ते लगेच कळेल.

गेल्या आठवड्यात हातखंब्याला एक ओळखीचा भेटला, त्याची पण पिकअपच, म्हणाला घाटात मरते, तुझा बॉक्स पडून आहे तर सहा हजारांना दे. मी नाही दिला. तिथेच पंपावर त्याला बॉनेट उघडायला लावलं, एकाला आत बसवून रेस करायला सांगितली आणि होजवर हात फिरवत गेलो. चीर नव्हती, पण टर्बोकडचा क्लॅम्प ढिला होता, बोटांना हवा लागत होती. तुम्ही पण चिपचे पैसे काढायच्या आधी हे करून बघा, गाडी थंड असताना, बाही वर करून, फॅनपासून हात लांब ठेवून. होज बदलायचा झाला तर दुकानात जुना सोबत न्या, नुसतं गाडीचं नाव सांगून भलताच देतात, आणि क्लॅम्प जुने परत वापरू नका.