शर्ट शिवायचा की रेडिमेड घ्यायचा?

साक्षगंध पंधरा दिवसांवर आलं आणि पुतण्या विचारतो, "काका, शर्ट शिवू की दारव्ह्याहून रेडिमेड आणू?"

कापड आणि शिलाई मिळून खर्च साध्या रेडिमेडच्या वर जातो, हे खरं. पण टिकण्याचं पाहा. ५८ इंच पन्ह्याचं कापड फुल बाहीला साधारण पावणेदोन मीटर लागतं. सुती असेल तर रात्रभर भिजवून, वाळवून मगच टेलरकडे द्यावं, नाहीतर पहिल्या धुण्यातच आटतं. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायला सांगावी, कॉलरला आतून चांगलं बकरम, म्हणजे कडक अस्तर. माझ्या एका शर्टाची कॉलर घडीवर विरली, तेव्हा टेलरनं ती उसवून उलटी लावून दिली. तो शर्ट अजून अंगात आहे. रेडिमेडमध्ये माया नावालाच असते, पोट सुटलं की शर्ट गेला.

मापात तर तुलनाच नाही. शेतात राबणाऱ्याच्या खांद्याला बसेल तो रेडिमेड पोटाशी झोळ होतो.

मेहनत मात्र शिवण्यातच जास्त. लग्नसराईत टेलरकडे दोन-तीन चकरा होतातच.

कार्य चार दिवसांवर असेल, तर रेडिमेड घेऊन बाह्या आखूड करून घ्याव्या. पुतण्याकडे वेळ आहे. त्यानं शिवावा, आणि मे महिना आहे म्हणून सुतीच.