लेबलाखालचे लेबल : ‘फर्स्ट प्रेसिंग’च्या नावाने झालेली फसवणूक

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात ‘फर्स्ट प्रेसिंग’, म्हणजे पहिल्या छपाईची प्रत, या शब्दांना अलीकडे जो भाव आला आहे, त्याच्या आडोशाने माझी २२,००० रुपयांना फसवणूक झाली. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. त्याची पद्धत मात्र तपशिलाने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती नवख्या गिऱ्हाइकासाठी नाही. जो माणूस बऱ्यापैकी ऐकतो, दोन प्रतींमधला फरक आपल्याला कळतो अशी ज्याची खात्री आहे, त्याच्यासाठीच ती बेतलेली आहे.

ध्वनिमुद्रिका होती ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार असलेली ही एलपी १९६७ साली एचएमव्हीने काढली. तिच्यामागे निर्माता म्हणून जी. एन. जोशी, म्हणजे मराठी रसिकांना भावगीतांमुळे परिचित असलेले गोविंदराव जोशी, होते आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिची मागणी कधी सरली नाही आणि त्यामुळे ती पुढे अनेक वर्षे पुनःपुन्हा छापली गेली. ईसीएसडी २३८२ हा तिचा क्रमांक, पण तो नंतरच्या छपाईवरही तसाच राहिला. तेव्हा कव्हरवर किंवा लेबलवर हा क्रमांक दिसला, म्हणजे प्रत पहिल्या खेपेची, असे मुळीच होत नाही. लेबलवरचे वर्षही फसवे असते. ते ध्वनिमुद्रण प्रथम प्रकाशित झाल्याचे वर्ष असते आणि ती विशिष्ट तबकडी कारखान्यातून कधी बाहेर पडली याच्याशी त्याचा संबंध नसतो. अर्धा बाजार या गैरसमजावर चालतो, असे माझे मत झाले आहे.

पहिल्या प्रेसिंगला किंमत का, हेही थोडक्यात सांगायला हवे. मूळ टेपवरून लॅकरचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर खाच कोरतात, तिच्यावर धातूचा मुलामा चढवून उलटी प्रत काढतात, त्या प्रतीवरून ‘मदर’ आणि मदरवरून ‘स्टँपर’ तयार होतो. हा स्टँपर प्रेसमध्ये बसवून तबकड्या दाबल्या जातात आणि ठरावीक संख्येनंतर तो झिजतो. वर्षे उलटली की मूळ टेपऐवजी तिची नक्कल वापरात येते, कोरणारा माणूस बदलतो, व्हिनाइलचा दर्जाही बदलतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर कच्चा माल महागला आणि जगभर तबकड्या पातळ होत गेल्या. म्हणून एकच ध्वनिमुद्रण दोन प्रेसिंगमध्ये निराळे वाजू शकते, यात खोटे काही नाही. संतुरासारख्या वाद्यात तर हा फरक विशेष जाणवतो, कारण कलमाचा, म्हणजे तारांवर मारायच्या लाकडी काठीचा, आघात तीक्ष्ण असतो आणि मागे राहणारा नाद हळूहळू विरत जातो. त्या विरण्यात खरखर मिसळली की लगेच कळते.

विक्रेत्याने नेमके हेच सगळे मला समजावून सांगितले, आणि त्यातला शब्दन्‌शब्द बरोबर होता. आमची ओळख व्हॉट्सॲपवरच्या एका संग्राहकांच्या गटात झाली. त्याने प्रथम छायाचित्रे पाठवली : कव्हरची पुढची-मागची बाजू, लेबल, आणि शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्याचे, ज्याला आपण ‘डेड वॅक्स’ म्हणतो त्याचे, अगदी जवळून काढलेले चित्र. त्यात मॅट्रिक्स क्रमांकाच्या, म्हणजे त्या पट्ट्यात उमटलेल्या क्रमांकाच्या, शेवटी ‘१’ हा आकडा स्वच्छ दिसत होता. हा शेवटचा आकडा सामान्यतः कितव्यांदा कोरलेल्या लॅकरवरून ती बाजू आली, हे सांगतो. त्यानंतर त्याने पुण्याच्या उपनगरातल्या आपल्या फ्लॅटवर ऐकायला बोलावले. “विकत घ्याच असे नाही, साहेब, पण एकदा कानांनी ठरवा,” हे त्याचे वाक्य होते.

त्या बैठकीची मांडणी आता आठवली की तिच्यातली प्रत्येक गोष्ट कशासाठी होती, ते कळते. खोलीत एकच मंद दिवा होता. तबकड्या तो पांढरे सुती हातमोजे घालून हाताळत होता आणि पाहुण्यांनी हात लावू नये, घामाने खाच बिघडते, अशी त्याची विनंती होती. ‘वेळ वाचावा’ म्हणून दोन टर्नटेबल शेजारी-शेजारी लावलेली होती. डावीकडच्यावर ऐंशीच्या दशकातली ‘साधी’ प्रत, उजवीकडच्यावर ‘फर्स्ट प्रेसिंग’. आधी डावी वाजली. ठीक होती, जराशी कोंदट. मग त्याने उजवीची सुई ठेवली आणि संतूर खरोखर पुढे आले, बासरीतला श्वास ऐकू येऊ लागला, तबल्याला वजन आले. खोलीत आणखी दोघे होते, त्यांनीही माना डोलावल्या. मी पैसे यूपीआयने दिले आणि तबकडी त्याने माझ्यासमोर कव्हरमध्ये घालून, वर जाड प्लास्टिकची पिशवी चढवून, चिकटपट्टी लावून दिली.

घरी ती वाजवली तेव्हा आवाज वाईट नव्हता, पण त्या संध्याकाळचे ते ‘पुढे येणे’ कुठे नव्हते. माझ्या एका मित्राकडे याच एलपीची उशिराच्या छपाईची, स्वस्तात घेतलेली प्रत आहे. ती मागवून एकाच टर्नटेबलवर, एकाच सुईने, एकाच पातळीवर दोन्ही लावल्या, आणि कोणती कुठली हे आम्हा दोघांना सांगता येईना. मग आम्ही खिडकीशी जाऊन डेड वॅक्स तिरक्या उजेडात धरले. दोन्ही प्रतींवरचे क्रमांक दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे होते, आणि पाठवलेल्या छायाचित्रातला ‘१’ माझ्या तबकडीवर कुठेच नव्हता. तो फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी प्रतीचा होता.

आता प्रश्न लेबलचा होता, कारण मित्राच्या प्रतीवरचे लेबल निराळे आणि माझ्यावरचे जुन्या धाटणीचे होते. व्हिनाइलच्या तबकडीवर लेबल चिकटवलेले नसते, हे येथे लक्षात घ्यावे. आधी भट्टीत सुकवलेला कागद प्रेसमध्येच, उष्णता आणि दाब यांनी, तबकडीबरोबर एकजीव होतो. गोंदाचा थेंब लागत नाही. त्यामुळे खऱ्या लेबलची कड बोटाला लागत नाही आणि नखाने सुटत नाही. माझ्या तबकडीच्या लेबलची कड भिंगाखाली एका जागी केसभर उचललेली दिसली. मधल्या छिद्राच्या काठावर, जिथे टर्नटेबलची मधली खुंटी (स्पिंडल) घासून कागद खरवडला गेला होता, तिथे खालून दुसऱ्याच रंगाची कोर डोकावत होती. वरच्या कागदावरच्या अक्षरांना भिंगातून पाहिले, तर ती संगणकाच्या छपाईत दिसतात तशा बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली होती. म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या तबकडीच्या लेबलावर जुन्या लेबलची रंगीत प्रत डकवली होती. कव्हर मात्र खरे, जुने होते. त्याच्या मागच्या बाजूस कंपनीच्या नावात ‘प्रायव्हेट’ हा शब्दही होता, जो नंतरच्या कव्हरांवरून गेला. जुने रिकामे कव्हर बाजारात मिळते, आणि चतुराई तिथेच आहे, कारण आपण पाहतो ते सर्वांत आधी कव्हरच.

राहिले त्या बैठकीतले ऐकणे. ते मला जास्त खटकत होते, कारण तो फरक मी खरोखर ऐकला होता. त्याचा उलगडा अनपेक्षितपणे झाला. उपस्थितांपैकी एकाने दोन्ही वादनांचा थोडा भाग मोबाइलवर टिपून ठेवला होता, मोबाइल शेवटपर्यंत एकाच तिपाईवर होता. ती फाइल संगणकावर उघडली, तेव्हा दुसऱ्या वादनाची पातळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुमारे ३ डेसिबलने वर होती. संगीत सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या खाचेतली नुसती खरखरसुद्धा तेवढीच वर होती. तेव्हा हा गुण प्रेसिंगचा नव्हे, ॲम्प्लिफायरच्या बटणाचा किंवा जास्त जोरकस काडतुसाचा (सुई बसवलेल्या कार्ट्रिजचा) होता. दोन्ही तुकडे एका पातळीवर आणले आणि फरक जवळजवळ उरला नाही. ध्वनितंत्राशी संबंध असलेल्या कोणालाही हे ठाऊक असते की एखाद-दोन डेसिबलची वाढ माणसाला ‘मोठे’ म्हणून जाणवत नाही, ‘अधिक स्पष्ट, अधिक भरीव’ म्हणून जाणवते. विक्रेत्याला हे आपल्यापेक्षा चांगले माहीत होते.

कानावरच्या विश्वासाचा प्रश्न काही या एका फ्लॅटपुरता नाही. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी ही कंपनी महागड्या पुनर्मुद्रणांसाठी प्रसिद्ध आहे. तिच्या अनेक तबकड्या कोरताना मधे डिजिटल टप्पा वापरला जात होता, हे जुलै २०२२ मध्ये उघड झाले. तोवर भलेभले समीक्षक त्या निव्वळ ॲनालॉग, म्हणजे मधे कुठेही डिजिटल टप्पा नसलेल्या, समजून वाखाणत होते. पुढे ग्राहकांचा सामूहिक दावा झाला आणि तो सुमारे अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. त्या तबकड्या वाजायला वाईट नव्हत्या, हे त्यातले अवघड टोक.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. खरी पहिली प्रत हाती आली, तरी ती चांगली वाजेलच असे नाही. आपल्याकडे या एलपी घरोघरी एचएमव्हीच्या फिएस्टा, कॅलिप्सो यांसारख्या सुटकेसछाप प्लेअरवर वाजल्या. त्यांच्या सिरॅमिक काडतुसांचा खाचेवरचा भार आजच्या दीड-दोन ग्रॅमच्या मानाने कितीतरी जास्त असे आणि सुई बदलायची असते हे अनेक घरांत माहीतच नसे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकते, आतल्या टोकाला हा वेग २१ सेंटिमीटरच्या आसपास येतो. तेवढ्याच ध्वनीला निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून झीज सर्वांत आधी बाजूच्या शेवटी ऐकू येते. विक्रेता नेहमी सुरुवातीचा तुकडा वाजवतो. त्याला शेवटची तीन मिनिटे वाजवायला सांगावे.

मी छायाचित्रांसह विचारणा केली तेव्हा उत्तर आले, “तुमचा कान अजून तयार नाही, आणि तुमच्या सिस्टीमलाही ते पेलत नाही.” लेबलबद्दल तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या संदेशानंतर त्याने मला गटातून काढले. वकिलाची नोटीस गेल्यावर १५,००० रुपये परत देण्याची तयारी त्याने दाखवली, मात्र आधी तबकडी परत हवी ही अट घातली. ती मी मानली नाही, कारण ती तबकडी हाच पुरावा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार स्वतः राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मात्र समोरचा नियमित विक्री करणारा आहे हे दाखवावे लागते. त्यासाठी त्याच्या जुन्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट उपयोगी पडले. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली वेगळा अर्ज दिला आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक लगेच ध्यानात आली, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर त्याच दिवशी फोन करणे अधिक उपयोगाचे, कारण रक्कम खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. माझ्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती.

छायाचित्र मागायचे झाल्यास डेड वॅक्सचे एकटे चित्र घेऊ नये. एकाच चौकटीत मॅट्रिक्स क्रमांक, लेबलची कड आणि त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी. खरेदीच्या वेळी तोच क्रमांक स्वतः, उजेडात, तबकडी हातात घेऊन जुळवावा. हात लावू देत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. दोन प्रती ऐकवत असेल, तर दोन्ही एकाच टर्नटेबलवर, आवाजाच्या बटणाला हात न लावता ऐकवायला सांगाव्यात.

तक्रार दाखल झाल्यानंतर मुंबईतल्या एका संग्राहकाने आपल्याला मिळालेला डेड वॅक्सचा फोटो मला दाखवला. त्याने अगदी वेगळ्या महिन्यात, याच माणसाकडून, हीच एलपी घेतली होती. फोटोत ‘१’ च्या शेजारी नखाएवढा तिरपा ओरखडा आहे, आणि माझ्याकडच्या फोटोतही तो त्याच जागी आहे. त्याच्या तबकडीचे लेबल अजून सुटलेले नाही. कड भिंगाखाली पाहून कळवतो, असे त्याने सांगितले आहे. ज्यांनी अलीकडे अशाच बैठकीतून जुन्या एचएमव्ही एलपी घेतल्या असतील, त्यांनी मधल्या छिद्राचा काठ आधी तपासावा आणि काही आढळल्यास लेबल सोलू नये, तसेच ठेवून फोटो काढावेत.