मोझेलकाठचा सायकलमार्ग: रोडबाइकवाल्याने नदी कुठे धरावी, कुठे सोडावी

जर्मनीतल्या ट्रिअर ते कोब्लेंझ या मोझेल नदीकाठच्या मार्गाची तोंड भरून स्तुती करणारे बहुतेक जण पॅनिअर, म्हणजे सामानाच्या पिशव्या, लटकवलेल्या ट्रेकिंग सायकलीवर किंवा ई-बाइकवर गेलेले असतात. त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण २८ मिमीचे टायर आणि खाली वळलेलं ड्रॉप हँडल घेऊन जाणाऱ्याचं गणित वेगळं असतं. हा रिव्ह्यू त्याच्यासाठी आहे. त्यात सायकलमार्गासोबत त्याला जोडून असलेली रेल्वे आणि सायकल-बसही धरली आहे, कारण या खोऱ्याची निम्मी मजा त्या दोन सेवांच्या जोरावर आहे.

आधी अंतरं. नदीच्या कडेने ट्रिअर ते बेर्नकास्टेल-कूस सुमारे ६५ किमी, तिथून कोखेम ८० च्या आसपास आणि कोखेम ते कोब्लेंझ ५०. चढ जवळपास नाहीच. नकाशावर दोन गावं शेजारी दिसतात आणि प्रत्यक्षात तासभर पॅडल मारावं लागतं, कारण नदी इथे सतत उलटी वळते. वारा साधारण पश्चिमेकडचा असतो, म्हणून ट्रिअरकडून कोब्लेंझकडे जाणं सोयीचं. मात्र वळणांमुळे दर काही किलोमीटरला तोच वारा तोंडावर येतो, तेव्हा ‘पाठीवर वारा घेऊन शंभर किमी’ असले बेत आखू नयेत.

मार्ग बहुतांश डांबरी आहे. त्यातला उत्तम भाग म्हणजे द्राक्षमळ्यांच्या पायथ्याने जाणारे शेतरस्ते: मोटारी नाहीत, ट्रॅक्टर तेवढे. बरेच ठिकाणी दोन्ही काठांनी रस्ता आहे, त्यामुळे पूल किंवा फेरी पाहून काठ बदलता येतो. वाईट भाग दोन. एक, गावातली फरसबंदी. टायर फार टणक भरला असेल तर हात बधिर होतात. दुसरा, जिथे मार्ग हमरस्त्याला चिकटून जातो. वरच्या भागात बी ५३ आणि आल्फ गावाच्या पुढे बी ४९. पांढऱ्या सायकलीचं गोल निळं चिन्ह दिसलं की रस्ता सोडून सायकलमार्गानेच जायचं. तो ऐच्छिक नसतो, मग मार्गावर लहान मुलं आणि कुत्री असोत की नसोत. रविवारी दुपारी तिथे ३० चा वेग धरायचा हट्ट केला तर भांडणंच होतील. सकाळी नऊच्या आत निघालात तर तोच रस्ता मोकळा मिळतो.

टायरबद्दल जरा सविस्तर. या उतारांवरची माती म्हणजे पाटीच्या दगडाच्या चपट्या कपच्या. दिवसा तापून रात्री ऊब देणारा हा दगड रीसलिंग द्राक्षाला मानवतो, पण टायरच्या बाजूच्या भिंतीला अजिबात नाही. पावसानंतर मळ्यातून कपच्या वाहून डांबरावर येतात आणि त्यांची धार ट्रेडपेक्षा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागापेक्षा, साइडवॉल आधी कापते. ट्यूबलेस टायरमध्ये भोक बुजवायला भरलेला द्रव, सीलंट, अशा चिरेला पुरत नाही. म्हणून ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब आणि आतून लावायला टायर-बूटचा तुकडा सोबत हवाच. हिवाळ्याच्या शेवटी वेली छाटतात, तेव्हा बांधणीच्या तारांचे तुकडे रस्त्यावर येतात. ते बारीक असतात, पंक्चर उशिरा कळतं, आणि तार टायरमध्येच राहिली तर नवी ट्यूबही जाते. ट्यूब बदलण्याआधी टायर आतून बोटांनी चाचपावा. ऑक्टोबरच्या तोडणीत वेगळाच त्रास: ट्रॉल्यांतून सांडलेला द्राक्षांचा चोथा आणि चाकांचा चिखल, दोन्ही वळणावरच. कोरड्या दिवशीही तो भाग ओला समजून घ्यावा.

साधारण ७५ किलोच्या माणसाला २८ मिमीच्या टायरमध्ये हवेचा दाब ६५ पीएसआयच्या आसपास आणि ३२ मिमीमध्ये ५० ते ५५ ठीक पडतं. निवड असेल तर ३२. रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवायला आत कड नसलेली, असेल तर रिम आणि टायर दोन्हींवर लिहिलेली कमाल मर्यादा आधी पाहा.

आता नदी कुठे सोडायची ते. काठावर राहिलं तर पाय गरम होण्याआधी गाव येतं. खरी रोड सायकलिंग वर आहे, एका बाजूला हुन्सरुक आणि दुसऱ्या बाजूला आयफेलच्या पठारावर. नदीपासून तिथवर साधारण ३०० मीटरची चढाई. बेर्नकास्टेलहून माँत्सेलफेल्डकडे किंवा एन्किर्शहून स्टार्केनबुर्गकडे चढलं की मळे संपून जंगल लागतं आणि वर मोकळी शेतं. डांबर चांगलं, गाड्या कमी. रोज एकदा चढून दुसऱ्या गावात उतरायचं, असा बेत या खोऱ्यात सगळ्यात जास्त पैसे वसूल करतो.

फक्त ‘जवळचा रस्ता’ म्हणून मळ्यातून सरळ वर जाणारा काँक्रीटचा पट्टा धरू नका. मोबाइलचा नकाशा तो खुशाल सुचवतो. अशा पट्ट्यांवर १५ ते २० टक्के चढ सहज असतो, मध्ये पाणी वळवायला आडव्या लोखंडी पन्हाळी असतात, आणि काही ठिकाणी मजूर आणि माल वर नेणाऱ्या एकपदरी दातेरी रुळाची गाडी अगदी रस्त्यालगत असते. पुढे ३४ आणि मागे ३४ दातांचा गिअर असेल तर चढता येईल, पण उतरायला हा रस्ता मुळीच वापरू नये. पन्हाळ नेहमी सरळ रेषेत ओलांडावी. ब्रेक दाबून तिरकं गेलं की पुढचं चाक घसरतं.

ब्रेम गावचा काल्मोंट मात्र फक्त खालून पाहायचा. हा ६५ अंशांपर्यंत उभा असलेला, युरोपातल्या सर्वांत चढणीच्या द्राक्षमळ्यांत गणला जाणारा डोंगर. नाशिककडच्या मांडवावरच्या बागा पाहिलेल्या माणसाला इथली वेल वेगळीच दिसते: प्रत्येक वेलीला स्वतःचा एक खांब आणि दोन फांद्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. तारा नसल्यामुळे माणूस उतारावर आडवाही चालू शकतो. समोरच्या काठावरून, नेफ गावच्या बाजूने, हे सगळं एका नजरेत येतं.

सायकल-बस. बेर्नकास्टेल-कूसहून विट्लिशमार्गे डाउन या गावाला ‘रेगिओराडलर’ बस हंगामात, एप्रिल ते ऑक्टोबरअखेर, सायकलींचा ट्रेलर ओढत जाते. डाउनहून परत ५८ किमीचा मारे-मोझेल मार्ग आहे, जुन्या रेल्वेच्या जागेवर बांधलेला. त्यामुळे उतार सौम्य, सोबत पूल आणि बोगदे. ‘ग्रोसेस श्लिट्सोर’ हा त्यातला मोठा बोगदा ५६० मीटरचा. आत गारवा असतो आणि गडद गॉगल लावून गेलं की काही क्षण काहीच दिसत नाही, तेव्हा तो आधीच काढावा. जागा आगाऊ आरक्षित केल्याशिवाय शनिवार-रविवारी थांब्यावर जाऊन उभं राहू नये. ट्रेलरमध्ये सायकली दाटीने लागतात, शेजारच्या ई-बाइकचं पॅडल आपल्या कार्बन फ्रेमला घासू शकतं. फ्रेमच्या वरच्या नळीवर गुंडाळायला फोमची नळी किंवा जुना टॉवेल आणि एक वेल्क्रो पट्टा पुरतो. सायकल-कॉम्प्युटर, बाटल्या आणि सॅडलबॅग काढून हातात घ्यावी. सेवा म्हणून याला पाचपैकी साडेचार. खाली येणारा मार्ग मात्र कुटुंबांनी भरलेला असतो, त्यामुळे वेगाची हौस असेल तर साडेतीन.

मधल्या मोझेलला बसच का लागते, तर श्वाइश ते बुलाय दरम्यान मुख्य रेल्वे नदी सोडून विट्लिशकडून जाते. पूर्वी ट्रिअर ते बुलाय नदीकाठाने एक छोटी रेल्वे होती. वाटेतल्या गावांतली दारू पाहता लोक तिला ‘झाउफबेनशेन’, म्हणजे पिणाऱ्यांची गाडी, म्हणत. १९६० च्या दशकात ती बंद पडली. आज बुलायहून ट्राबेन-ट्रारबाखला तेवढा एक रेल्वेफाटा जातो.

खाण्यापिण्याची सोय चांगली, पण वेळ सांभाळावी लागते. दारावर झाडू किंवा डहाळ्यांचा गुच्छ दिसला की ती द्राक्षवाल्याची स्वतःची ‘स्ट्राउसविर्टशाफ्ट’, म्हणजे हंगामी दारूघर. वर्षात चारच महिने आणि ४० पर्यंत आसनं एवढीच मुभा असल्याने ती कधी उघडी असेल ते पाटी वाचूनच कळतं. शरद ऋतूत फेडरवायसर, म्हणजे आंबणं चालू असलेला रस, आणि सोबत कांद्याचा केक मिळतो. गोड लागतो म्हणून ग्लास भराभर संपतो. जर्मनीत सायकलवरही दारूची मर्यादा आहे: रक्तात १.६ प्रति हजार झालं की थेट गुन्हा, आणि तोल जाताना दिसलात किंवा अपघात झाला तर ०.३ पासूनही. चढ बाकी असेल तर द्राक्षरस, ट्राउबेनझाफ्ट, मागावा. पाण्यासाठी गावाच्या दफनभूमीतला नळ शोधा, मात्र ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तर बाटली भरू नका. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून ट्यूब, सीलंट, चेनलिंक शनिवारीच घ्यावेत.

सायकल भाड्याने घ्यायची तर गावांत ट्रेकिंग आणि ई-बाइकच भरपूर, रोडबाइकसाठी ट्रिअर किंवा कोब्लेंझला आधी विचारून ठेवावं. पॅडल स्वतःचे न्या, सोबत ८ मिमीची अॅलन की आणि १५ मिमीचा पाना.

कोखेमच्या पुढच्या टप्प्याला सर्वांत कमी गुण. नदी सुंदरच आहे, विन्निंगेनचे दगडी बांध बघण्यासारखे आहेत, पण डाव्या काठाला रेल्वे आणि रस्ता सतत कानाशी. वेळ कमी असेल तर इथे गाडी पकडावी. प्रादेशिक गाड्यांत सायकल कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर फुकट नेता येते, अर्थात जागा असली तर. उलट दिशेने, कोब्लेंझहून ट्रिअरकडे येताना आरई १ या प्रादेशिक गाडीबरोबर लक्झेंबर्गची गाडी जोडलेली असते आणि ट्रिअरला दोन्ही वेगळ्या होतात. सायकल लावण्याआधी डब्यावरची पाटी वाचा, नाहीतर ट्रिअरच्या पुढे जाणाऱ्याची सायकल लक्झेंबर्गला आणि माणूस झारब्र्युकेनला पोचेल.