‘सार्सेल-लोशेर’ची मूळ तबकडी म्हणून माझ्या गळ्यात मारलेली नक्कल

जुन्या फ्रेंच रॉकच्या तबकड्या जमवणारे मराठी संग्राहक संख्येने थोडे असले, तरी त्यांतील बरेच जण पुण्या-मुंबईहून फ्रान्समधल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर खरेदी करतात आणि कोणी भारतात येईपर्यंत पाकीट उघडतही नाहीत. अशा खरेदीत फसवणूक उघडकीस येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. मी स्वतः फ्रान्समध्ये राहत असूनही रेड नॉइज या फ्रेंच रॉक गटाच्या ‘सार्सेल-लोशेर’ या एकमेव अल्बमच्या व्यवहारात 380 युरोंना फसवला गेलो आणि ज्या पद्धतीने हे घडवून आणले गेले, ती पद्धत इतरांवरही वापरली जात असल्याचे मला नंतर दिसले, म्हणून हा अनुभव तपशिलाने मांडत आहे.

या अल्बमला एवढी मागणी का आहे, हे आधी सांगायला हवे, कारण फसवणारा नेमका त्याच ओढीवर जगतो. रेड नॉइज हा गट मे 1968 च्या आंदोलनात, विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेल्या पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाच्या आवारात वाजवू लागला. त्याचा प्रमुख पात्रिक व्हियाँ हा लेखक आणि ट्रम्पेटवादक बोरिस व्हियाँ यांचा मुलगा. गटातून बाहेर पडलेल्यांनी पुढे कोमिंतर्न हा गट काढला; उरलेल्यांचा ‘सार्सेल-लोशेर’ हा अल्बम जेरार तेरोनेस यांच्या फ्युतुरा कंपनीने 1971 मध्ये रेड 01 या क्रमांकाने प्रसिद्ध केला. तेरोनेस मूळचे जॅझचे माणूस आणि त्यांची कंपनी लहान. पहिल्या बाजूला बडबड, आरडाओरडा, रॉक-अँड-रोलची मोडतोड आणि संडासातल्या पाण्याचे आवाज अशा छोट्या तुकड्यांची गर्दी आहे, तर दुसरी बाजू ‘सार्सेल सेत लाव्हनिर’, म्हणजे ‘सार्सेल हेच भविष्य’, या दीर्घ वाद्यरचनेने व्यापली आहे. गिटार, सॅक्सोफोन आणि ऑर्गन एकमेकांना ढकलत, मध्येच थांबत, पुन्हा उसळत जी वाट काढतात, ती त्या काळातल्या फ्रेंच रॉकमधली मला सर्वांत धाडसी वाटते. 1979 मध्ये नर्स विथ वूंड या ब्रिटिश गटाने आपल्या पहिल्या अल्बमसोबत अनवट कलावंतांची जी लांबलचक यादी छापली, तीत रेड नॉइजचे नाव होते, आणि त्या यादीतील प्रत्येक तबकडीमागे जगभरचे संग्राहक आजही धावत असतात. माझी ओढ मात्र आणखी एका कारणाने होती. पॅरिसच्या उत्तरेला सार्सेल या गावात 1955 पासून उभी राहिलेली, लोशेर नावाची उंच इमारतींची जी वसाहत अल्बमच्या नावात आहे, तिच्या शेजारीच मी राहतो आणि गार्ज-सार्सेल स्थानकावरून रोज कामाला जातो.

विक्रेत्याने जाहिरात एका परिचित विक्री-संकेतस्थळावर दिली होती. मी चौकशी करताच त्याने संकेतस्थळाचे कमिशन वाचेल, म्हणून किंमत कमी करतो, असे सांगून व्यवहार बाहेर आणला आणि तत्काळ बँक-हस्तांतराने पैसे मागितले. फ्रान्समध्ये हे हस्तांतर काही सेकंदांत पूर्ण होते आणि एकदा पैसे पोहोचले की ते परत मिळणे समोरच्याच्या संमतीवर अवलंबून राहते. संकेतस्थळाचे खरेदीदार-संरक्षणही अशा व्यवहाराला लागू होत नाही. खात्यावरचे नाव जाहिरातीतल्या नावापेक्षा वेगळे होते, त्यावर ते पत्नीचे खाते असल्याचे उत्तर मिळाले. (ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांत हस्तांतरापूर्वी नाव आणि खाते जुळते की नाही हे ग्राहकाला दाखवणे बँकांना बंधनकारक झाले आहे, न जुळल्याची सूचना आली, तर तिथेच थांबावे.)

विश्वास बसावा म्हणून त्याने दोन गोष्टी पुढे केल्या होत्या. पहिली म्हणजे छायाचित्रे. त्यांत कव्हरवर आतल्या तबकडीच्या दाबाने उमटणारे गोल वळ, कोपऱ्यावरची तिरकी घडी, कडेचा पिवळेपणा असे पन्नास वर्षांचे वय स्पष्ट दिसत होते. दुसरी म्हणजे सार्सेलमधल्या एका दुकानाची 1971 ची पावती, जी तबकडीसोबत मिळणार होती. शेवटच्या खाचेनंतरच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेल्या, तबकडीचा छाप ओळखायला उपयोगी पडणाऱ्या क्रमांकाचे छायाचित्र मी मागितले, तेव्हा तेही त्याने तत्परतेने पाठवले.

पाकीट उघडल्यावर कव्हरवरून बोट फिरवले आणि संशय आला. गोल वळ डोळ्यांना दिसत होते, पण बोटाला लागत नव्हते, आणि कोपऱ्यावरची घडी तर सपाट कागदावर केवळ चित्र म्हणून उमटलेली होती. कोणीतरी वापरलेल्या खऱ्या प्रतीचे कव्हर स्कॅन करून, तिच्या झिजेसकट नव्या पुठ्ठ्यावर छापले होते. फोटोत जी गोष्ट खरेपणाचा पुरावा वाटते, तीच इथे नक्कल होती. भिंगाखाली मागच्या बाजूची बारीक अक्षरे कडांना फुटलेली दिसली; मूळ छपाईत काळी अक्षरे सलग शाईची असतात, स्कॅन करून छापलेली अक्षरे ठिपक्यांत विरघळतात. तबकडीच्या कोऱ्या पट्टीवरचा क्रमांक छायाचित्रातल्या क्रमांकाशी जुळत नव्हता, आणि ते छायाचित्र इंटरनेटवर चित्रशोध करताच एका जुन्या लिलावाच्या पानावर सापडले.

पावतीने तर उरलासुरला प्रश्नही मिटवला. तिच्यावर दुकानाच्या पत्त्यात 95200 सार्सेल असे छापले होते. फ्रान्समध्ये पाच आकडी पिनकोड 1972 मध्ये आले. त्याआधी पत्त्यात जिल्ह्याचा दोन आकडी क्रमांकच लिहीत. म्हणजे 1971 ची ती पावती नंतर कधीतरी बनवलेली होती. हीच कसोटी कव्हरवरील पत्त्यांनाही लावता येते, आणि तिच्याबरोबर आणखी दोन: पट्टीदार बारकोड युरोपात 1977 नंतरच आला, आणि फ्रान्समधले दहा आकडी दूरध्वनी क्रमांक 1996 पासूनचे आहेत. यांपैकी एकही खूण असलेले कव्हर सत्तरच्या दशकाच्या आरंभीचे असू शकत नाही. पुनर्मुद्रित प्रत घेण्यात काहीच गैर नाही, या अल्बमच्या अधिकृत आवृत्त्या नंतर निघाल्या आहेत आणि संगीत ऐकायला त्या पुरेशा आहेत. परंतु पुनर्मुद्रण मूळ म्हणून विकणे हा गुन्हा आहे.

कायद्याबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. इंटरनेटवरील खरेदी 14 दिवसांत रद्द करण्याचा हक्क फ्रान्समध्ये व्यावसायिक विक्रेत्यांविरुद्ध आहे, खासगी व्यक्तीविरुद्ध नाही, आणि माझ्या विक्रेत्याने पहिल्याच उत्तरात हे मला सुनावले. तरीही नागरी संहितेच्या कलम 1137 नुसार लबाडीने मिळवलेली संमती सदोष ठरते आणि व्यवहार रद्द करून घेता येतो. त्यासाठी जाहिरातीची, संदेशांची आणि छायाचित्रांची प्रत जपून ठेवावी लागते, कारण जाहिरात लगेच काढून टाकली जाते. मी नोंदणीकृत पत्र पाठवले, ते न स्वीकारता परत आले. फसवणारा नक्की कोण हे माहीत नसेल, तर मार्च 2022 पासून सुरू असलेल्या थेसे या सरकारी सेवेवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते. मी ती नोंदवली आहे. ओळख पटलेली असेल आणि रक्कम लहान असेल, तर न्यायालयापूर्वी सरकारमान्य सलोखाकाराकडे (conciliateur de justice) जाता येते आणि त्याला शुल्क लागत नाही.

तक्रारीनंतर विक्रेत्याने तबकडी परत पाठवल्यास निम्मी रक्कम देण्याची तयारी दाखवली. मी नकार दिला, कारण तीच प्रत पुढच्या ग्राहकाला मूळ म्हणून विकली जाईल आणि माझ्याकडचा पुरावा मात्र जाईल. तीच छायाचित्रे त्यानंतर वेगळ्या नावाच्या जाहिरातीत मला पुन्हा दिसली, म्हणजे अशा छापील प्रती त्याच्याजवळ आणखी असाव्यात. ‘सार्सेल-लोशेर’ची कोपऱ्यावर तिरकी घडी असलेली, सोबत 1971 ची पावती असलेली प्रत कोणी देऊ करत असेल, तर पैसे देण्यापूर्वी पावतीवरील पत्त्याचे जवळून घेतलेले छायाचित्र मागवावे, आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी कोऱ्या पट्टीशेजारी ठेवून काढलेले दुसरे.