टीईटीची रविवारची बॅच, कॉलेज रोड: मॅडमसाठी जा, नोट्ससाठी नको

क्लासचं नाव टाकत नाही कारण खाली नोट्सची बरीच धुलाई केलीय. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेसाठीची नाशिकच्या कॉलेज रोडवरची बॅच आहे, दर रविवारी सकाळी, फक्त बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र. सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त बाकी असलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनी पण दोन वर्षांत टीईटी काढा म्हणून, त्यामुळे वर्गात अर्धे डीएड झालेली पोरंपोरी आणि अर्धे आमच्यासारखे, निफाड दिंडोरी सिन्नरहून एसटीने येणारे गुरुजी-बाई.

आधी चांगलं सांगते. शिकवणाऱ्या मॅडम भारी आहेत. कोहलबर्ग या मानसशास्त्रज्ञाच्या नैतिक विकासाच्या सहा पायऱ्या म्हटलं की सगळीकडे फळ्यावर तक्ता काढून पाठ करा म्हणतात, या बाईंनी फळ्याला हातच लावला नाही, डायरेक्ट विचारलं की सीबीएसच्या (जुन्या बसस्टँडच्या) सिग्नलला तुम्ही का थांबता. एक दादा म्हणे ट्रॅफिकवाला मामा उभा असतो म्हणून. ही पहिली पायरी, शिक्षेची भीती. दुसरा म्हणे आज मी थांबलो तर उद्या समोरचा माझ्यासाठी थांबेल, ती दुसरी, देवाणघेवाण. एक ताई म्हणाल्या मागे लेक बसलेली असते, तिच्यासमोर बरं दिसत नाही, झाली तिसरी. मग कुणीतरी म्हटलं सगळ्यांनीच तोडला तर गावात गाडी चालवता येणार नाही, ही चौथी. शेवटी एक पोरगा म्हणाला ॲम्ब्युलन्सला वाट द्यायची असेल तर मी तोडीन, नियम माणसांसाठीच केलाय ना, तेव्हा मॅडम म्हणाल्या, हं, आता पाचवीच्या दारात आलात. सहावी, म्हणजे सगळ्या माणसांना लागू पडणारं तत्त्व, तिथपर्यंत आमच्यातलं कोणी गेलं नाही. सगळे थांबतातच, पण का थांबतात यावरून पायरी ठरते, हे त्या पंधरा मिनिटांत असं डोक्यात बसलं की गाईडमधली पानंच्या पानं वाचून बसलं नव्हतं. आणि पन्नाशीचा माणूस पण मामाला घाबरूनच थांबतो हे पण कळलं (आमचे हे त्यातलेच).

कोहलबर्ग मुलांना विचारायचे ती हाइन्झची गोष्ट पण नीट सांगितली. बायको कॅन्सरने मरायला टेकलीय, औषधवाल्याला औषध २०० डॉलरला पडतं, मागतोय २०००, याच्याकडे उसनेपासने करून १००० जमलेत, तर चोरी करावी का. मी इतकी वर्षं हो की नाही यालाच मार्क असतात असं धरून चाललेल्या लोकांमध्ये राहतेय, पण पायरी ठरते ती कारणावरून, म्हणून मॅडमनी दोन्ही बाजूंची उत्तरं प्रत्येक पायरीवर बसवून दाखवली.

आता नोट्स. साडेचार हजार फी घेऊन जी झेरॉक्स देतात त्यात या पायऱ्यांच्या तीन पातळ्यांबद्दल (दोन-दोन पायऱ्यांची एक) छापलंय ४ ते १० वर्षं पहिली पातळी, १० ते १३ दुसरी, १३ च्या पुढे तिसरी. अहो असं नसतं ना! कोहलबर्गने १९५८ च्या प्रबंधासाठी शिकागोकडची १०, १३ आणि १६ वर्षांची ७२ मुलं घेतली होती आणि पुढे वीस वर्षं त्यातल्या बऱ्याच जणांच्या मुलाखती घेत राहिले, त्यात तिसऱ्या पातळीला, म्हणजे पोस्ट-कन्व्हेन्शनलला, मोठी झाल्यावर पण थोडीच पोचली. सहावी पायरी तर इतकी क्वचित सापडली की नंतर मार्किंगमधून काढूनच टाकली. नोट्समध्ये यातलं काही नाही. आणि सगळी मुलं म्हणजे मुलगेच होते, ह्यावरून मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगनने १९८२ ला जे धुतलं, की नाती आणि काळजी यातून विचार करणाऱ्या बायका या मापात उगाच खाली दिसतात, तिचं तर नावसुद्धा नाही. सीटीईटीला (केंद्राच्या टीईटीला) यावर प्रश्न येऊन गेलाय हो! मॅडमना विचारलं तर त्यांनी ब्रेकमध्ये उभ्या उभ्या छान सांगितलं, मग नोट्समध्ये घालायला काय जातं.

पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा भाग (मुलं चूक नुकसानावरून ठरवतात की हेतूवरून) ठीकठाक. चुकून १५ कप फोडणारा जास्त वाईट की जॅम चोरताना १ फोडणारा, हे मी आमच्या दुसरीच्या वर्गात विचारलं, पोरं एका सुरात "पंधरावाला!", चौथीत मात्र भांडणं लागली. एरिक्सनच्या माणसाच्या विकासाच्या आठ अवस्था शेवटच्या अर्ध्या तासात पळवल्या, नुसती नावं.

१५० पैकी ३० मार्क या विषयाला आहेत आणि खुल्या गटाला पास व्हायला ९० लागतात, त्यामुळे सरावपेपर भरपूर हवेत, इथे ते कमी मिळतात, बाहेरून घ्या. बसायला बाक अरुंद, पंखा मागच्या बाजूला नाही. मधली सुट्टी छोटी आहे, रविवारी मिसळीला रांगेत उभं राहायच्या भानगडीत पडू नका, डबा आणा. पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले तीन मॅडमचे.