व्हायोलिनवर डबल स्टॉप (दोन तारा एकदम वाजवणं) सुरात आणायचे, तर ट्यूनर ॲप की तानपुरा?

दोन्ही फोनवर फुकट मिळतात, त्यामुळे प्रश्न पैशाचा नाही. सरावात कान कुठे लावायचा, हा आहे. थर्ड आणि सिक्स्थ (दोन सुरांमधली तीन आणि सहा सुरांची अंतरं) बसवायला घेणाऱ्यांनी निवड करण्याआधी एकच जोडी तपासावी: डी तारेवर तिसऱ्या बोटाने जी, ए तारेवर पहिल्या बोटाने बी.

ट्यूनर घेतलात, तर बहुतेक ॲप एका वेळी एकच सूर धरतात. दोन तारा वाजल्या की काटा भरकटतो. म्हणून दोन्ही बोटं ठेवून आधी खालची तार, मग वरची वाजवायची आणि दोन्हीकडे हिरवा दिवा आणायचा. तो येतोही. मग बो (गज) दोन्ही तारांवर टाकला की तोच थर्ड खरखरतो. माझं मन ट्यूनरवरून उडालं ते इथेच. दिवा हिरवा, कान मात्र कुरकुरतोय, आणि नवा माणूस दिव्यावर विश्वास ठेवून बोटं आणखी दाबत बसतो.

ॲपची यात चूक नाही. पेटीचा गांधार चढा असतो, हे गाणाऱ्यांना सांगावं लागत नाही. काटा त्याच पट्टीवर चालतो. तिथे मेजर थर्ड, म्हणजे सा ते शुद्ध गांधार, ४०० सेंट्सचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), जुळलेला मात्र सुमारे ३८६ चा. हा फरक ए तारेवर दोन मिलिमीटरहून थोडा जास्त भरतो. बोट उचलून हलवू नका, टोकावर मागे कलतं करा, पुरतं. गंमत पुढे आहे: हाच बी मोकळ्या ई तारेशी फोर्थ (सा ते शुद्ध मध्यम) म्हणून जुळवलात, तर तो जीशी जुळलेल्या बीपेक्षा २२ सेंट्स, म्हणजे साडेतीन मिलिमीटर वर लागतो. ट्यूनरचा बी या दोघांच्या मधला, धड याचा ना त्याचा.

तानपुरा पांढरी पाचवर लावा, म्हणजे सा जीवर येतो. दोन्ही बोटं ठेवून फक्त जी वाजवा. बरोबर असेल तर मोकळी जी तार आपोआप थरथरते, नजरेलाही दिसते. मग बोटं न उचलता फक्त बी, मग दोन्ही, चार मात्रांच्या संथ बोने. दोन्ही तारांवर वजन सारखं हवं. तिसरं बोट आडवं पडून ए तारेला घासत असेल, तर बी घुसमटतो. अशा वेळी सूर शोधत बसू नका, डावं कोपर आत घ्या. जुळलं की खाली एक तिसरा सूर घुमतो. इटालियन व्हायोलिनवादक तार्तिनीने १७५४ च्या ग्रंथात ज्याबद्दल लिहिलं, तोच हा. ३९२ आणि ४९० हर्ट्झमधला फरक ९८, म्हणजे दोन सप्तकं खालचा जी. बी ट्यूनरप्रमाणे ४९४ वर ठेवलात, तर हा सूर १०२ च्या आसपास जातो आणि जीशी सरळ भांडतो. एवढी बारीक तपासणी कुठलाही काटा करून देत नाही.

तानपुऱ्याची कटकट पुढच्याच जोडीला सुरू होते. ए-सी हा मायनर थर्ड, म्हणजे सा ते कोमल गांधार. सी तानपुऱ्याशी शुद्ध मध्यम म्हणून जुळवलात आणि ए शुद्ध रिषभ म्हणून, तर दोघांत तेच २२ सेंट्स कमी पडतात. तानपुरा पांढरी सहावर न्यावा लागतो, आणि अख्ख्या स्केलसाठी हे करत बसणं कंटाळवाणं आहे, हे मान्य. मी तरी अडणाऱ्या जोड्यांपुरतंच करा म्हणेन.

नागपुरात नवतप्यात (मे-अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वेगळी पंचाईत असते. कूलरची घरघर फोनच्या माइकमध्ये शिरते आणि काटा एकट्या सुरालाही स्थिर राहत नाही. तानपुराही त्यात बुडतो, पण त्यावर इलाज आहे: उजव्या कानात एक इअरफोन, डावा व्हायोलिनसाठी मोकळा. कोरड्या हवेत खुंट्या सैल होतात, कूलर लावला की हवा बदलते, म्हणून कूलर सुरू झाल्यावर थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच तारा लावा. ट्यूनरवर फक्त ए घ्या, बाकीच्या तारा कानाने फिफ्थमध्ये, म्हणजे सा-पच्या अंतराने.

परीक्षेत पियानोची साथ असेल, तर मात्र लांब धरलेल्या थर्डचा वरचा सूर पियानोकडे झुकवावा लागतो, आणि तेवढ्या सरावापुरता ट्यूनर खरोखर बरा पडतो.