०.३११५ इंची चकिंग रीमर: आरव्ही-७च्या रिअर स्पार बोल्टसाठी घ्यावा का?

घ्यावा. (रीमर म्हणजे ड्रिलने पाडलेलं भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार; चकिंग म्हणजे चकमध्ये धरून फिरवायचा. आरव्ही-७ हे व्हॅन्स कंपनीचं स्वतः जोडायचं किट विमान, रिअर स्पार म्हणजे पंखाचा मागचा कणा.) फक्त "५/१६ म्हणजे ८ मिलिमीटरच की हो" म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. ८ मिमी एच७ (भोकाच्या मापाची ठरलेली सूट) रीमरचं भोक ०.३१५० इंच किंवा त्याहून थोडं मोठंच पडतं आणि एएन५ (५/१६ इंची विमानाचा) बोल्टची दांडी असते ०.३०९ ते ०.३१२. म्हणजे कमीत कमी तीन थाऊ (इंचाचे हजारांश) ढिलं. पंखाचा इन्सिडन्स (पंख विमानाच्या अंगाशी बसतो तो कोन) ज्या बोल्टवर ठरतो तिथे एवढा खेळ चालत नाही.

रीमर साधाच आहे: एचएसएस (हाय-स्पीड स्टील), सहा फ्लूट (खाचा), लांबी ६ इंच, त्यात फ्लूट दीड इंच. कापतो तो टोकाच्या उतारावर, बाजूंनी जवळजवळ नाहीच. त्यामुळे वाकडं भोक तो सरळ करत नाही, आधीच्याच वाटेने जातो. खरं काम ड्रिलचं. पंखाचा स्वीप (मागे-पुढे झुकाव) आणि इन्सिडन्स पक्का करून पत्रे क्लॅम्पने घट्ट आवळा. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत ५/८ इंच उरतं का ते पंखाच्या आणि बॉडीच्या दोन्ही भागांवर मोजा (आतला भाग दिसत नाही, घोळ तिथेच होतो). मग ड्रिल ब्लॉक (ड्रिल सरळ धरणारा ठोकळा) लावून आधी छोटं पायलट भोक, मग १/४ आणि शेवटी एन अक्षराचं ड्रिल, म्हणजे ०.३०२. रीमरला साडेनऊ थाऊ उरतात. फारच कमी ठेवलं तर तो कापण्याऐवजी घासतो.

वेग ड्रिलच्या निम्म्याहून कमी, दाब मात्र ठाम. अ‍ॅल्युमिनियमला बोल्यूब (कापताना लावायचं वंगण) उत्तम, रॉकेलही चालतं. बाहेर काढतानाही सुलटाच फिरवा. उलटा फिरवला की फ्लूटमधला कीस धारेखाली जातो, भोकाला चरे पडतात आणि धारही जाते. हॅण्ड ड्रिल हलली तर तोंड घंटेसारखं फाकतं, आणि या रीमरची खरी उणीव तीच: पुढे वाट धरणारं पायलट टोक नाही. जागा अडचणीची असेल तर पायलटवाला महाग पडला तरी तोच घ्या.

एकाच पाकिटातले बोल्टही सारखे नसतात. मायक्रोमीटर लावून जाड निवडा. अंगठ्याच्या दाबाने किंवा हलक्या टिचकीने आत जाईल तो बरोबर.

भोक मोठं झालंच, तर एएन६ (३/८ इंची) टाकण्याआधी ३/४ इंच कड शिल्लक आहे का ते पाहा. नसेल तर आणखी काही कापू नका, आधी व्हॅन्सला विचारा.